रोमान्याच्या चुलीपाशी

इटलीला जाऊन आलेला मनुष्य परतल्यावर काय सांगेल, हे बहुधा आधीच ठरलेले असते. रोममधील संत पीटरच्या महामंदिराचा घुमट, फ्लॉरेन्सची चित्रे, व्हेनिसचे जलमार्ग, पिसाचा कललेला मनोरा! ही वर्णने खरी असतात आणि ऐकण्यासारखीही असतात. परंतु एखाद्या प्रदेशाची ओळख करून घ्यायची तर त्याच्या मंदिरांइतकेच त्याच्या स्वयंपाकघरातही डोकावले पाहिजे. मंदिरे राजांनी आणि धर्माध्यक्षांनी बांधली. चूल मात्र त्या भूमीतील आयांनी पेटती ठेवली. म्हणून आज वाचकांना मी इटलीच्या एका अशा कोपऱ्यात नेणार आहे, जेथील भाजलेल्या कोंबडीची कथा सांगण्याजोगी आहे.

या प्रदेशाचे नाव रोमान्या. आपेन्निनो पर्वताच्या उतरणीपासून आड्रियाटिक समुद्रापर्यंत पसरलेली ही सपाट, सुपीक भूमी. आजच्या एमिलिया-रोमान्या या प्रांताचा हा पूर्वेकडील भाग. रावेन्ना, फोर्ली, चेझेना आणि रिमिनी ही येथील प्रमुख शहरे. इ. स. पूर्व १८७ मध्ये एमिलियस लेपिदस या रोमन अधिकाऱ्याने रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत एक सरळ रस्ता बांधविला. त्या रस्त्यावर गावे वसली, आणि आजही आगगाडी जवळजवळ त्याच रेषेने धावते. सन २०१४ च्या सप्टेंबर महिन्यात, रोममधील अभ्यासाच्या काळात सुट्टीचे चार दिवस मिळाले असता, मी बोलोन्यामार्गे याच गाडीने निघालो. दोन्ही बाजूंस पीचच्या बागा आणि द्राक्षांचे मळे होते. द्राक्षतोडणीचे दिवस असल्याने पाट्या भरभरून ट्रॅक्टरवर चढत होत्या. आपल्याकडील भातकापणीच्या लगबगीची आठवण व्हावी, अशी ती लगबग होती.

मी उतरलो त्या स्थानकाच्या पाटीवर दोन गावांची नावे जोडून लिहिलेली आहेत : फोर्लिंपोपोली आणि बेर्तिनोरो. पहिले गाव सपाटीवर, रस्त्याच्या कडेला. दुसरे समोरच्या टेकडीवर. प्रथम टेकडीवर गेलो.

बेर्तिनोरोला लोक ‘रोमान्याचा सज्जा’ म्हणतात. चौकात उभे राहिले असता खालची शेते आणि दूरवर समुद्राची निळी रेघ दिसते. याच चौकात दगडाचा एक स्तंभ आहे. त्याला लोखंडी कड्या लावलेल्या आहेत, त्या बारा. त्यांची कथा अशी सांगतात की, मध्ययुगात गावात कोणी परका आला म्हणजे त्याला आपल्या घरी नेण्यासाठी येथील घराण्यांमध्ये भांडणे लागत. पाहुणा नको म्हणून नव्हे, पाहुणा आपल्यालाच हवा म्हणून! अखेर तोड निघाली. स्तंभ उभारून प्रत्येक घराण्याच्या नावाने एक कडी लावली गेली. परका घोडेस्वार नकळत ज्या कडीला आपला घोडा बांधील, त्या घराचा तो पाहुणा. मग वाद नाही. आज उभा आहे तो स्तंभ १९२६ साली पुन्हा उभारलेला आहे; पण कथा जुनी आहे आणि गावकरी ती अभिमानाने सांगतात.

आपल्या गावातही पाहुणा अंगणात पाऊल टाकतो न टाकतो तोच खुराड्यात धावपळ सुरू होते. कोंबडी हे गरिबाघरचे सर्वांत जवळचे पक्वान्न होय. बकरा कापायला सण लागतो, डुकराला लग्न लागते. पाहुण्यासाठी मात्र परसातील कोंबडी पुरते. रोमान्यातही तेच होते. म्हणूनच त्या प्रदेशाच्या आतिथ्याची कथा दगडी स्तंभापाशी सुरू झाली तरी ती पुरी होते चुलीपाशीच.

दुपारी टेकडी उतरून फोर्लिंपोपोलीस आलो. गाव लहान, लोकसंख्या तेरा हजारांच्या आसपास. मध्यभागी चार बुरुजांचा किल्ला, आणि त्या किल्ल्याच्या आतच गावचे नाट्यगृह. या नाट्यगृहात २५ जानेवारी १८५१ च्या रात्री जे घडले, त्याने एका घराचे आणि पुढे साऱ्या इटलीच्या स्वयंपाकघराचे भवितव्य बदलले.

त्या रात्री नाटक पाहण्यास गावातील सारी सधन मंडळी जमली होती. मध्यंतर संपून पडदा वर गेला तो रंगमंचावर नटांऐवजी बंदुका रोखलेले दरोडेखोर! स्तेफानो पेल्लोनी हा त्यांचा नायक. लोक त्याला ‘पास्सातोरे’, म्हणजे नावाडी, या नावाने ओळखत. त्याने प्रेक्षकांतून धनिकांची नावे पुकारून एकेकाच्या घरावर दरोडा घातला. त्यांत आर्तुसी नावाच्या व्यापाऱ्याचे घर होते. त्या रात्रीच्या भीतीने त्या घरातील एका मुलीचे मन कायमचे ढळले. कुटुंबाने गाव सोडले आणि फ्लॉरेन्स गाठले. दोनच महिन्यांनी पेल्लोनी मारला गेला. परंतु आर्तुसी कुटुंब राहण्यासाठी परत आले नाही.

त्या घरचा मुलगा पेल्लेग्रिनो तेव्हा तीस वर्षांचा होता. त्याने फ्लॉरेन्समध्ये रेशमाच्या व्यापारात पैसा मिळविला, लग्न केले नाही, आणि उतारवयात एक वेडे वाटणारे काम अंगावर घेतले. घरोघरी होणारे पदार्थ तो स्वतःच्या स्वयंपाकघरात पुनःपुन्हा करवून पाहू लागला व सोप्या भाषेत लिहू लागला. प्रकाशक मिळेना. तेव्हा १८९१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने पदरचे पैसे घालून पुस्तकाच्या एक हजार प्रती छापविल्या. पुस्तकाचे नाव मोठे भारदस्त : ‘स्वयंपाकातील शास्त्र आणि उत्तम खाण्याची कला’. त्याच्या जन्मगावी, याच फोर्लिंपोपोलीत, एका धर्मादाय जत्रेत त्या पुस्तकाच्या दोन प्रती बक्षीस म्हणून ठेवल्या गेल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या! ही फजिती आर्तुसीने स्वतःच पुढे प्रस्तावनेत हसत हसत सांगितली आहे.

पण हळूहळू पुस्तक घराघरांत शिरले. इटलीभरच्या गृहिणी त्याला पत्रे लिहू लागल्या. कोणी आपल्या घरचा पदार्थ कळविला, कोणी त्याची चूक दाखविली. तो ते पदार्थ करून पाही आणि पुढच्या आवृत्तीत घाली. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. १९११ मध्ये तो वारला तोवर त्या ७९० झाल्या होत्या. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या, नुकत्याच एक झालेल्या देशाला एक समाईक स्वयंपाकघर मिळाले. मृत्यूपत्रात त्याने पुस्तकाचे हक्क कोणाला दिले असतील? आपला स्वयंपाकी फ्रांचेस्को रुफिल्ली आणि मदतनीस मारिएत्ता साबातीनी यांना. ज्यांच्या हातांनी पदार्थ सिद्ध झाले, त्यांनाच त्या हातांचे मोल मिळाले. वाचकहो, ही गोष्ट मला त्या पुस्तकातील सर्व पक्वान्नांपेक्षा गोड वाटते.

२००७ सालापासून फोर्लिंपोपोलीत आर्तुसीच्या नावाने एक संस्था चालते. सर्वी नावाच्या मठवासीयांच्या जुन्या चर्चच्या आणि मठाच्या वास्तूतच ती उभी आहे. तेथे ग्रंथालय आहे, पाकशाळा आहे, आणि मारिएत्ताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावातील स्त्रिया नवख्यांना पीठ मळून पोळी लाटायला शिकवितात. मी गेलो तेव्हा लांब लाटण्याने अंड्याच्या पिठाची धोतरासारखी पातळ पोळी लाटणे चालले होते. शिकणाऱ्यांत दोन जपानी तरुण होते. शिकविणारी बाई त्यांची भाषा जाणत नव्हती. ती त्यांच्या मनगटावर हात ठेवी आणि लाटणे पुढे ढकली. हाताने हाताला शिकविले.

रविवारी मी तेथील एका धर्मगुरूंकडे पाहुणा होतो. त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या आजी सत्तरीच्या पलीकडच्या. इटलीत धर्मगुरूच्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीला लोक ‘पेर्पेतुआ’ म्हणतात. मांझोनीच्या प्रसिद्ध कादंबरीतील तशा एका पात्राचे हे नाव, साऱ्या वर्गालाच चिकटले. या आजींनी मला पाहताच पहिला प्रश्न केला : “तुमच्याकडे कोंबडी खातात ना, फादर?” मी होकार दिला. त्यांचा चेहरा खुलला. “मग तुम्हाला इथे उपाशी राहावे लागणार नाही.”

त्यांची कोंबडी शनिवारी संध्याकाळीच सुरू झाली होती. सुमारे दीड किलोची तलंग. त्यांनी ती धुतली नाही. कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की तिच्यावरील जंतू शिंतोड्यांबरोबर भांड्यांवर आणि भाजीवर उडतात, असे आता वैद्यकही सांगते. त्यांनी केवळ स्वच्छ फडक्याने आतबाहेर टिपून कोरडी केली. मग आतून बाहेरून मीठ चोळले. मीठ चेर्वियाचे. चेर्विया हे जवळचेच किनाऱ्यावरील गाव, तेथे रोमनांच्या काळापासूनची मिठागरे आहेत आणि तेथील मीठ कडवटपणा कमी म्हणून ‘गोड मीठ’ समजले जाते. मीठ लावलेली कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवली. मिठाने आधी पाणी सुटते, मग तेच खारे पाणी मांसात परत मुरते आणि कातडी कोरडी होते. कोरडी कातडीच खरपूस होते. ओल्या कातडीवरची सारी आच पाणी उडविण्यातच खर्च होते. आजींना हे शास्त्र ठाऊक नव्हते. परिणाम ठाऊक होता.

रविवारी सकाळी परसातून त्यांनी दोन वनस्पती तोडून आणल्या. पहिली रोझमेरी. तिची पाने सुरूच्या पानांसारखी बारीक आणि सुईसारखी. बोटांत चुरडली तर कापूर आणि राळ यांच्यामधला कोठलासा वास येतो. दुसरी सेज. तिची पाने राखाडी हिरवी, पानओव्यासारखी लवदार, वास उग्र. या दोन्हींबरोबर लसणाच्या चार पाकळ्या आणि लिंबाची किसलेली पिवळी साल त्यांनी एकत्र बारीक चिरली, थोड्या ऑलिव्ह तेलात कालविली. मग छातीवरील कातडीखाली बोटे सरकवून कातडी हळूच मोकळी केली आणि तो मसाला आत पसरला. वर लावला असता तर पाला जळून कडू झाला असता. कातडीच्या पांघरुणाखाली तो सुरक्षित राहतो आणि त्याचा वास मांसात उतरतो. लिंबाचे दोन तुकडे करून पोटात घातले, तंगड्या सुताने सैल बांधल्या.

कोंबडी भट्टीत कधी जावी याचे त्यांचे घड्याळ निराळे होते. त्या स्वतः सकाळच्या मिस्साला जाऊन आलेल्या. शेवटच्या मिस्साची दुसरी घंटा झाली की कोंबडी आत. प्रथम छाती खाली आणि पाठ वर. अर्ध्या तासाने, म्हणजे त्यांच्या हिशेबाने प्रवचन संपता संपता, ती उलटी करायची. “आमचे फादर बोलत राहिले तरी मी थांबत नाही,” त्या म्हणाल्या. “देव त्यांचे ऐकेल. कोंबडी नाही ऐकणार.” यजमान धर्मगुरू हसले. मला वाटते, त्या धर्मग्रामातील प्रवचने आटोपशीर असण्याचे श्रेय त्या भट्टीलाही असावे.

छाती खाली ठेवण्यात एक मर्म आहे. कोंबडीची छाती कोरडी, बिनचरबीची. तंगडी स्नायूंची आणि चिवट. तंगडी शिजेपर्यंत छाती लाकूड होते, हीच अख्खी कोंबडी भाजण्यातील खरी अडचण. पालथी ठेवली म्हणजे पाठीची चरबी वितळून छातीकडे ओघळते आणि छाती थेट आचेपासूनही वाचते. मग उलटून वरची कातडी तांबूस केली की दोन्ही गोष्टी साधतात. सव्वा तासाने त्यांनी मांडीच्या जाड भागात सुई टोचली. निघालेला रस स्वच्छ होता, लालसर नव्हता. ज्यांच्याकडे तापमापक असेल त्यांनी तेथेच ७४ अंश सेल्सियस पाहावे. तरीही कोंबडी लगेच कापली नाही. पंधरा मिनिटे ती तशीच मेजावर विसावली. लगेच सुरी लावली तर रस ताटात वाहून जातो. थांबले तर तो मांसात राहतो.

या पंधरा मिनिटांत आजींनी मला एक हकिकत सांगितली. त्यांचा जन्म अर्धेलीच्या शेतकऱ्याच्या घरी झाला. जमीन मालकाची, राबणे कुळाचे, पीक अर्धे अर्धे. त्याशिवाय नाताळला मालकाच्या घरी खच्ची केलेले पुष्ट कोंबडे पोचवायचे आणि ईस्टरला अंडी. असे नवे करार करण्यास इटलीत १९६४ च्या कायद्याने बंदी झाली. परंतु त्यापूर्वी पिढ्यान्पिढ्या ही रीत चालत आली होती. खुराडे आईने सांभाळायचे, सर्वांत चांगला पक्षी मात्र दुसऱ्याच्या मेजावर जायचा. घरी उरे ते अंडी घालून म्हातारी झालेली कोंबडी, तिचे सूप. आजी सोळा वर्षांच्या असताना वडिलांनी जमिनीचा एक लहान तुकडा स्वतःच्या नावाने घेतला. “त्या नाताळात कोंबडा आमच्या मेजावर आला. बाबांनी सुरी उचलली आणि परत खाली ठेवली. म्हणाले, आधी सर्वांनी तो अख्खा पाहून घ्या.”

मी त्या कोंबडीकडे पाहिले. तोवर ती मला एक स्वादिष्ट पदार्थ वाटत होती. कोंबडी अख्खी का भाजायची, तुकडे करून का नाही, याचे खरे उत्तर मला पाकशास्त्रात नव्हे, तर या हकिकतीत मिळाले. अख्खा पक्षी मेजावर येणे म्हणजे त्या घराला कोणाचे देणे उरले नाही, असे सांगणे. आणि तो सर्वांसमोर वाटणे म्हणजे कोणाला काय मिळाले, हे सर्वांनी पाहणे. त्या दिवशी एक तंगडी पाहुण्याला मिळाली, दुसरी आजींना. यजमानांनी स्वतः पंख आणि पाठ घेतली.

दुसऱ्या दिवशी समुद्राकडे गेलो. फोर्लिंपोपोलीहून सुमारे २५ किलोमीटरवर चेझेनातिको हे कोळ्यांचे जुने गाव आहे. गावाच्या मधून एक कालवा समुद्रास मिळतो, तेच बंदर. १५०२ मध्ये लिओनार्दो द विंची याने चेझारे बोर्जियासाठी या बंदराची पाहणी करून त्याचे चित्र काढले होते. आज कालव्याच्या वरच्या अंगास जुन्या मच्छीमार नौका रंगीत शिडांसह नांगरलेल्या असतात. ते पाण्यावरचे संग्रहालयच आहे. नाताळच्या दिवसांत या नौकांवर माणसांएवढ्या मूर्तींचा गव्हाणीचा देखावा मांडतात. १९८६ पासूनची ही प्रथा. मरिया, योसेफ आणि बाळ येशू यांच्याभोवती येथे कोळी असतात, जाळे दुरुस्त करणाऱ्या बायका असतात. किनाऱ्यावरील वाचकांना हा देखावा परका वाटणार नाही.

याच गावात १९२४ साली मार्चेल्ला पोलिनी या मुलीचा जन्म झाला. बालपणीचा काही काळ ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात गेला. तेथे ती समुद्रकाठी पडली आणि उजवा हात मोडला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो हात जन्मभर वाकडाच राहिला. ती शास्त्र शिकली, फेर्रारा विद्यापीठाची पदवीधर झाली, शिक्षिका झाली. स्वयंपाक तिला येत नव्हता. १९५५ मध्ये व्हिक्टर हझान यांच्याशी विवाह होऊन ती न्यूयॉर्कला गेली. परका देश, परकी भाषा, आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या पतीसमोर काय वाढावे हा प्रश्न. तेव्हा एका इटालियन पाकग्रंथाच्या आणि जिभेवर राहिलेल्या चवींच्या आधाराने, त्या वाकड्या हाताने तिने स्वयंपाक करण्यास आरंभ केला. एखादा पदार्थ घरच्यासारखा झाला की नाही, हे सांगायला तेथे कोणी नव्हते. तिची आठवणच परीक्षक होती. १९६९ पासून ती आपल्या घरात इतरांना शिकवू लागली. १९७३ मध्ये पहिले पुस्तक निघाले. ती इटालियनमध्ये लिही आणि पती इंग्रजीत उतरवी. २०१३ मध्ये अमेरिकेतच तिचे निधन झाले.

तिच्या १९७८ च्या दुसऱ्या पुस्तकात लिंबू घालून भाजलेल्या कोंबडीची कृती आहे आणि ती जगभर गाजली. तीत तेल नाही, लोणी नाही, पाला नाही, लसूणही नाही. कोंबडी, मीठ, मिरपूड आणि दोन लिंबे, बस्स! लिंबे हाताखाली दाबून मऊ करायची, प्रत्येकास टोकदार काडीने किमान वीस छिद्रे पाडायची आणि अख्खीच पोटात ठेवायची. पोटाचे तोंड काड्यांनी बंद करायचे, मात्र फार घट्ट नव्हे, नाहीतर वाफेने कातडी फाटते. प्रथम अर्धा तास पालथी, मग उलटून आणखी अर्धा तास, दोन्ही वेळा सुमारे १८० अंशांवर. शेवटी २०० अंशांवर वीस मिनिटे. लिंबाची वाफ आतून मांस शिजविते, कोंबडीची स्वतःचीच चरबी बाहेरून तिला भाजते. फोर्लिंपोपोलीच्या आजींची रीत आणि ही रीत यांत साहित्याचा फरक आहे. परंतु पक्षी पालथा ठेवण्याचे शहाणपण दोन्हींत एकच.

कालव्याच्या कठड्यावर बसून मी या दोघांचा विचार करीत होतो. एक पुरुष, दरोड्यामुळे गाव सुटलेला. एक स्त्री, विवाहामुळे देश सुटलेली. दोघांची जन्मगावे एका तासाच्या अंतरावर. दोघांनीही सोडलेल्या घराच्या चवी कागदावर आणल्या आणि त्यामुळे ते घर लाखोंचे झाले. घर सुटले म्हणून चूल विझत नाही. मात्र कोणी तरी निखारा बरोबर नेला पाहिजे.

आणि गंमत पाहा : ज्या पदार्थाला आपण इटलीचा म्हणतो, त्यातील दोन मुख्य जिन्नस आपल्याच बाजूने तिकडे गेले आहेत. कोंबडीचा मूळ पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. थायलंडमधील भातशेतीच्या वस्तीत मिळालेली, इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातील हाडे ही पाळीव कोंबडीची आजवर ज्ञात असलेली सर्वांत जुनी हाडे होत, असे २०२२ मध्ये संशोधकांनी दाखविले. दक्षिण युरोपात ती पोचली इ. स. पूर्व ८०० च्या सुमारास. लिंबूवर्गीय फळांचे मूळही हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, ब्रह्मदेश आणि युनान यांच्या परिसरात असल्याचे २०१८ च्या संशोधनातून पुढे आले. तेथून लिंबू पश्चिमेकडे गेले. फारसीत ‘लीमू’, अरबीत ‘लैमून’, इटालियनमध्ये ‘लिमोने’. आपल्या ‘लिंबू’ या शब्दाशी त्यांचे साम्य कानालाच कळते. रोझमेरी आणि सेज तेवढी भूमध्य समुद्राची लेकरे. तेव्हा कोणती वस्तू कोणाची, हा वाद घालण्यात अर्थ नाही. कोणी तिला कशा मायेने आपल्या घरात घेतले, हाच प्रश्न.

आपल्या घरी हे कसे जमावे? गोव्यातील वाचकांना पोदेराची भट्टी ठाऊक आहे. पाव काढल्यावर तापलेली भट्टी बराच वेळ आच धरून राहते. ज्यांना बेबिंक करता येते त्यांना खालीवर निखारे ठेवून आच देण्याची विद्याही येते. त्याच रीतीने जाड बुडाच्या पातेल्यात खाली मंद आच आणि झाकणावर नारळाच्या करवंटीचे निखारे ठेवले तर कोंबडी उत्तम भाजते. आर्तुसीच्या पुस्तकातही झाकणाच्या भांड्यात केलेले असे एक भाजणे आहे. त्याला तेथे ‘मृत भाजणी’ म्हणतात. पक्षी गावठी असेल तर कोवळी तलंगच निवडावी आणि आच अधिक मंद ठेवून अर्धा तास जास्त द्यावा. आपली कागदी लिंबे लहान असतात, तेव्हा दोनऐवजी तीन घ्यावीत. रोझमेरी शहरांतून आता मिळते. न मिळाल्यास गवती चहाच्या दोन पाती पोटात घालाव्यात. चव रोमान्याची होणार नाही, आपली होईल. आणि त्यात काही उणे नाही.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद या ठिकाणी पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना घर सुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आता तर त्यांच्या आणि गोव्याच्या मुली दुबईत, मस्कतमध्ये, लंडनमध्ये नोकरी करतात. त्यांच्या भाड्याच्या खोलीत ओव्हन असतो, दुकानात साफ केलेली कोंबडी मिळते, लिंबेही मिळतात. नसते ती आईच्या हाताची रीत. ती फोनवरून विचारतात. आई म्हणते, “मीठ घाल अंदाजाने.” हा अंदाज मात्र आईबरोबरच जातो. फोर्लिंपोपोलीच्या त्या आजींनीही आयुष्यात काही मोजले नव्हते, काही लिहिले नव्हते. आणि त्यांच्यामागे कोणी शिकणारे होते, असे मला दिसले नाही.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक घरातील शिकल्यासवरल्या मुलाने किंवा मुलीने एक वही घ्यावी. आजी किंवा आई स्वयंपाक करीत असता शेजारी बसावे, तिच्या मुठीतले मीठ वजनकाट्यावर टाकून पाहावे, तिचा ‘थोडा वेळ’ घड्याळात पाहावा आणि ते लिहून ठेवावे. सारपातेलपासून सांदणांपर्यंत, पेजेपासून नाताळच्या नेवऱ्यांपर्यंत, जे जे घरात होते ते ते. पुस्तक छापण्याची गरज नाही; एक हजार प्रतींची तर नाहीच. परंतु वहीच्या पहिल्या पानावर, जिच्या हाताने ते अन्न सिद्ध झाले तिचे नाव मात्र ठळक अक्षरांत घालावे.